विद्यापीठाचा डबा

"सईदाताई, खरं सांगा. हे डबे तुम्ही घरोघरी जाऊनच आणलेत ना?"

डॉ. सौमित्र पाठकांनी हा प्रश्न टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत विचारला. माणूस भला, त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांत बघून असलं काही विचारणं त्यांना जमत नव्हतं. शेजारी त्यांची संशोधक विद्यार्थिनी इशिता बसली होती. ती खिडकीबाहेरच्या अर्धवट कॉलमांकडे बघत होती, जणू त्यांच्या गंजक्या सळ्या तिनं आजच पाहिल्या.

"म्हणजे काय सर?" सईदा म्हणाली. "मग कुठून आणणार?"

"मला शंका नाही हो. पण पुढच्या आठवड्यात दिल्लीची समिती येतेय. ते विचारतील. एखाद्या खानावळीतून भरून आणले असतील, असं कोणी म्हणालं तर..."

सईदाचे कान तापले. तिचं अर्धं आयुष्य अकोटच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेलं होतं. त्या गावात तिनं बाळंतपणं केली, पोरांना लशी टोचल्या, म्हाताऱ्यांच्या जखमा धुतल्या, आणि एवढ्या वर्षांत तिच्याकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं. निवृत्त होऊन ती मुलाकडे अमरावतीला आली, तेव्हा सरांनीच तिला या कामावर बोलावून घेतलं होतं. आता या वयात खानावळीतले डबे!

"झालंय काय, ते तरी सांगा," ती म्हणाली.

झालं होतं ते असं. पाठक सर विद्यापीठात एक केंद्र उभं करत होते. ‘अन्न व पोषण मेटॅबोलोमिक्स संशोधन केंद्र’ असं त्याचं लांबलचक नाव. शिपायापासून वरपर्यंत सगळे त्याला ‘पाठकांचं केंद्र’ म्हणत आणि म्हणताना जरा हसत. खाल्लेलं अन्न पोटात गेलं की त्याचे शेकडो बारीक पदार्थ होऊन रक्तात उतरतात. ते सगळे एका दमात मोजून माणसाच्या अंगी नेमकं काय लागलं हे सांगायचं, असं हे शास्त्र. पायाभरणी झाली तेव्हा सरांचे केस काळे होते. मग ठेकेदार पळाला. नवा आला तर कुलगुरू बदलले, त्यांनी केंद्र आवाराच्या दुसऱ्या टोकाला हलवायचं काढलं, आणि मग तेही गेले. नऊ वर्षांत एक हॉल पुरा झाला, नमुने गोठवायची मोठी शीतपेटी आली, तिच्यासाठी जनरेटर आलं. ज्या मशीनसाठी हा सगळा खटाटोप, तिची खोली मात्र फरशी पुसून, एसी लावून रिकामीच होती. मशीन मिळायची तर आधी एक छोटा अभ्यास करून दाखवा, असं दिल्लीनं सांगितलं होतं.

म्हणून अकोटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या बायका निवडल्या. दोन पावसाळे दगा देऊन गेलेले, शेतात कपाशीच्या पराट्या उभ्याच्या उभ्या वाळलेल्या, जिनं अर्धा हंगाम बंद. अशा दिवसांत या बाया खातात काय आणि अंगी लागतं काय, ते पाहायचं. प्रत्येकीनं एक दिवस, रात्री आपण जे आणि जेवढं खाऊ, ते आणि तेवढंच एका स्टीलच्या डब्यात वेगळं काढून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सईदानं डबा घ्यायचा, रक्त घ्यायचं, आणि बर्फाच्या पेटीतून दोन्ही एसटीनं अमरावतीला आणायचं. आपली मशीन नसल्यानं नमुने तपासायला हैदराबादला गेले होते.

"डब्यांत भरपेट जेवण आहे, ताई," इशिता हळूच म्हणाली. "भाकरी, डाळ, भाजी, गूळसुद्धा. आणि रक्तात उपाशी माणसाच्या खुणा आहेत. अंगातली चरबी जाळून दिवस काढलेल्या माणसाच्या. एकीच्या नाही, जवळजवळ सगळ्यांच्या."

डबा खोटा की रक्त खोटं? रक्त तर तिनं स्वतःच्या हातानं काढलं होतं.

"मी जाऊन बघते सर," ती उठत म्हणाली. गुडघ्यांनी नेहमीची कुरकुर केली.

*

अकोटला उतरली तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. जिनांच्या मागच्या गल्लीत मैनाबाईचं घर. नवरा देवराव कामासाठी सुरतेकडे गेलेला. घरात सासरे रामराव, ज्यांना ती मामाजी म्हणे, बाजार समितीत हमाली करणारा दीर बंडू, आणि शाळेत जाणारी मुलगी. मुलीचा जन्म सईदाच्याच हातचा, म्हणून या घरी तिला आडकाठी नव्हती.

तरीही जेवणाच्या वेळी ती इथे कधी आली नव्हती. इथेच काय, कुठल्याच घरी नाही. चुलीवर तवा चढला असताना कोणाच्या दारात बसायचं नाही. घरच्या बाईला ताट वाढावं लागतं, आणि या दिवसांत कोणावर तो भार घालायचा? ही तिच्या आईची शिकवण. सईदा रिकामा डबा दुपारी ठेवून जायची आणि सकाळी भरलेला घ्यायची. आज मात्र तिनं लाज गुंडाळून ठेवली आणि दारातच बसकण मारली.

"नर्सबाई? या वख्ताले?" मैनाबाई पीठ मळता मळता म्हणाली.

"अजून एक दिवस डबा पायजे होता, मैना."

"घ्या न मंग. पन तुमी तं सकाळी येता न्यायले. आज बसल्या काहून?"

"पाय दुखून राहिले. जराशी टेकतो."

"मंग दोन घास खाऊन घ्या."

"पोट बिघडलं हाय. मले पाणीच दे."

पहिली भाकर तव्यावरून उतरली ती डब्यात गेली. तिच्यावर दुसरी. मग डाळीच्या पिठाचं चून, पळी बुडवून, तळातलं घट्ट. एक कांदा. शेवटी मैनाबाईनं फळीवरचं गाडगं काढलं आणि गुळाचा एक खडा भाकरीवर ठेवला.

"गूळ काहून व?" सईदानं विचारलं.

"पाहुण्याच्या ताटात कायतरी गोड नोको?"

"पाहुणा कोन?"

"इद्यापीठ न!" मैनाबाई हसली. "आपल्या घरचा डबा इतक्या दूर जाते. मोठमोठे साहेब उघडून पायतीन. तसाच धाडू काय, भिकाऱ्यासारका?"

डब्याचं झाकण लागलं. मग रामराव जेवले. मग बंडू, दिवसभर पोती वाहिलेला माणूस, तो खाली मान घालून जेवला आणि उठला. मग मुलगी. सईदा पाण्याचा गडू हातात धरून बघत होती. शेवटची भाकर उरली, तिची अर्धी मुलीनं मागितली. उरलेल्या अर्धीनं मैनाबाईनं चुलीशी उकिडवं बसून चुनाचं भांडं पुसून काढलं, ते चार घास तोंडात टाकले, तांब्याभर पाणी प्यायली आणि भांडी गोळा करायला लागली.

"मैना," सईदा म्हणाली, "तुहं ताट?"

"माह्यं कायचं ताट? जेवली न मी आता. तुमी पायलं नाई?"

"म्या तुले काय सांगतलं होतं? तुह्या ताटात जेवढं, तेवढंच डब्यात."

"हो न. पन ताटच नाई तं मापाव कशानं? मंग मामाजीच्या ताटावरून भरला." ती जरा बावरली. "काही चुकलं काय?"

"बाकीच्या बाया बी अशाच भरतात?"

"साऱ्याच. एकमेकीले इचारूनच तं भरला. बाई भांड्यातलं पुसून खाते, ते कोनी डब्यात धाडते काय?"

"आणि डबा भरला त्या दिशी तू किती खाल्लं?"

मैनाबाईला हा प्रश्न गमतीचा वाटला. "त्या दिशी घरात एक खाणारा जास्तीचा, नर्सबाई. जे उरलं ते खाल्लं."

एरवी जी एखादी पुरती भाकर मिळायची, तीही विद्यापीठाच्या डब्यानं गिळली होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच येऊन, शाबासकी देत, त्याच बाईचं रक्त काढून नेलं होतं. तिला स्वतःचा राग आला, इतका की डोळे भरून आले. तिनं ते पदराआड पुसले.

मैनाबाईच्या ते लक्षात आलंच. भांडी तशीच टाकून ती जवळ आली.

"नर्सबाई, हे कोनाले सांगू नोका बापा. मामाजीनं मले कधी कमी नाई केलं. ते रोज म्हनतात जेव, मीच म्हनतो, साऱ्याईच्या मांगून. लोक काय म्हनतीन? सुनेले उपाशी ठेवलं म्हनतीन. बुढ्याची इज्जत जाईन."

तेवढ्यात ओट्यावरून रामरावांचा आवाज आला, "अवं मैना, त्या बाईले जेवू घातलं काय? उपाशी धाडू नोको."

"नाही सांगत," सईदा म्हणाली आणि मैनाबाईच्या पिठाच्या हातावर हात ठेवला. "कोनाचंच नाव नाही घेत."

*

दुसऱ्या दिवशी रात्रीचं जेवण अमरावतीला सईदाच्या घरी नेहमीसारखंच झालं. नवरा गयासुद्दीन आणि मुलगा तौहीद जेवून उठले, टीव्हीसमोर बसले. स्वयंपाकघरात सून फलक तव्यावरची शेवटची पोळी दुमडत होती. पातेल्यात थोडी भाजी होती. तिच्यात एका बाजूनं सईदानं घास बुडवला, दुसऱ्या बाजूनं फलकनं, दोघी उभ्याउभ्याच. घास तोंडात असतानाच सईदा थांबली.

"फलक, तुम्हारी थाली कहाँ है?"

"थाली काहे को अम्मी? एक बर्तन और धोना पड़ता."

या घरात धान्याला तोटा नव्हता. कोणी कोणाला कमी करत नव्हतं. गयासुद्दीनला विचारलं असतं की तुझी बायको कशात जेवते, तर त्या बिचाऱ्यानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं असतं आणि त्याला आठवलं नसतं. सईदालाच जिथं दिसलं नव्हतं, तिथं त्याला काय बोल लावायचा?

*

सकाळी तिनं सगळं सरांना सांगितलं. नाव तेवढं सांगितलं नाही. सर ऐकता ऐकता खुर्चीतून उठले आणि रिकाम्या हॉलमध्ये फेऱ्या मारू लागले. कित्येक दिवसांत त्यांना इतकं जागं झालेलं तिनं पाहिलं नव्हतं.

"सईदाताई, तुम्हाला कळतंय का हे काय आहे? डब्यात दिसतं ते एक आणि रक्तात उतरतं ते दुसरं. आजवर आपण सगळे डबेच मोजत आलो. हे असलं पकडायलाच तर केंद्र हवं!" मग ते थबकले. "पण समिती माझ्या शब्दावर मानणार नाही. आपले नमुने फसले म्हणून आपणच गोष्ट रचली, असं म्हणतील. एका बाईला आणा. एकच. चार वाक्यं बोलू दे."

"नाही आणता येणार, सर."

"बरं, नाव द्या. ते फोनवर बोलतील, माणूस पाठवतील."

"माणूस गेला की गल्लीला कळणार. मी जबान दिली आहे."

सर तिच्या समोरच्या स्टुलावर बसले. त्यांचा आवाज खाली आला. "नऊ वर्षं झाली, ताई. मला निवृत्तीला दोन राहिलीत. मी गेलो की या हॉलमध्ये परीक्षेचे पेपर तपासतील. आणि तुमचंही आहेच. सिद्ध झालं नाही तर बट्टा तुम्हाला लागेल. खानावळीचा."

हे सगळं सईदाला माहीत होतं. सरांचं केंद्र व्हावं असं तिला मनापासून वाटत होतं. आणि आपल्या नावाला डाग लागू नये असंही, त्याहून काकणभर जास्तच. एक नाव घेतलं की दोन्ही सुटत होतं. तिकडे ओट्यावर बसून, पाहुणी उपाशी जाऊ नये म्हणून हाक मारणारे रामराव होते.

"मी येते समितीपुढे," ती म्हणाली. "काय विचारायचं ते मला विचारू द्या."

*

समितीतले लोक वाईट नव्हते, थकलेले होते. पहाटेच्या गाडीनं आले होते आणि रात्रीच्या गाडीनं त्यांना परत जायचं होतं. त्यांनी शीतपेटी बघितली, जनरेटर चालू करून बघितलं, मशीनच्या खोलीत आवाज घुमतो का ते टाळी वाजवून बघितलं. मग सरांचं भाषण ऐकलं. डबा आणि रक्ताची गोष्ट आली तेव्हा अध्यक्षांनी चष्मा काढला.

"दिलचस्प है," ते म्हणाले. "पर सबूत? कोई एक घर बताइए जहाँ ऐसा हुआ."

सर सईदाकडे बघत राहिले. त्या नजरेत दटावणी नव्हती, नुसती विनवणी होती, आणि तिला तीच जड गेली.

सईदा उभी राहिली. "मेरा घर," ती म्हणाली. "मैं और मेरी बहू पतीले में से खाते हैं, साहब. कोई मना नहीं करता. थाली परोसो बोले तो हमको भी मालूम नहीं, कितना परोसना."

कोणीतरी किंचित हसलं, कुचेष्टेनं नव्हे. अध्यक्ष समजुतीनं म्हणाले, "वो तो आपका घर हुआ, सिस्टर. नमूने तो उन औरतों के हैं. उनमें से कोई?"

"नहीं बता सकती."

"फिर ये गड़बड़ किसकी मानें?"

"मेरी," सईदा म्हणाली. "मैंने उनसे कहा, अपनी थाली जितना भरो. थाली है या नहीं, ये पूछा ही नहीं. एक बार भी खाने के वक्त बैठी नहीं."

संध्याकाळी निर्णय कळला. नमुने गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्याची चूक झालेली दिसते. अभ्यास नव्यानं, शिकलेल्या माणसांकडून करावा. मशीनचा विचार त्यानंतर. म्हणजे वर्ष तर गेलंच, कदाचित दोन.

समितीची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर सर अर्धवट जिन्याच्या पायरीवर बसले. सईदा खाली उभी राहिली.

"चिडलात का, सर?"

"चिडायलाही ताकद लागते, ताई." त्यांनी पायरीवरची धूळ हातानं सारली. "मघापासून आठवतोय, माझी आई कशात जेवायची. आमची सगळ्यांची ताटं आठवतात. आजोबांचं, बाबांचं, माझं छोटं. तिचं येतच नाही डोळ्यांसमोर."

सईदानं हातातल्या शीतपेटीच्या खोलीच्या किल्ल्या त्यांच्याजवळ पायरीवर ठेवल्या. उद्यापासून त्या दुसऱ्या कोणाच्या तरी हाती जाणार होत्या.

*

पुढच्या रविवारी ती अकोटला गेली. जिन बंद होतं. रामराव देवळाकडे गेलेले, बंडू बाहेर, मुलगी खेळायला. मैनाबाई एकटीच तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"डब्याचं काम संपलं, मैना. पुढच्या साली दुसरी कोनी येईन. शिकेल पोरी येतीन."

"आन तुमी?"

"मी नाई आता."

मैनाबाईचा हात थांबला. "माह्यामुळं?"

"नाई व. माह्यामुळं. मीच धड इचारलं नाई."

"आमचं नाव...?"

"कोनाचंच नाव नाई."

मैनाबाई बराच वेळ शेंगा सोलत राहिली. तिनं आभार मानले नाहीत. या बाजूला कोणी मानत नाही. मग तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं, पदर खोचला आणि चूल पेटवली.

"आज तुमी जेवल्याबिगर जासान नाई."

सईदाच्या ओठांवर नेहमीचं ‘नको’ आलं होतं. तिनं ते मागं घेतलं. "जेवतो," ती म्हणाली. "पन तू बी संग बस. दोन ताटं घे."

"मी मांगून..."

"मंग मी बी मांगून."

मैनाबाई हसली, कुरकुरली, पण शेवटी तिनं फळीवरून दोन ताटं काढली. एक पाहुण्यांसाठी ठेवलेलं चकचकीत, एक रामरावांचं, काठाला पोचा पडलेलं. भाकरी झाल्या, वरण झालं, ठेचा झाला. सईदाच्या ताटात तिनं झरझर वाढलं: दोन भाकरी, दोन पळ्या वरण, एका बाजूला ठेचा, दुसऱ्या बाजूला कांदा. हात कुठे अडला नाही.

मग तिनं दुसरं ताट पुढे ओढलं. भाकर उचलली, ठेवली, पुन्हा उचलून मोडली आणि अर्धी परत टोपल्यात टाकली. सईदा आपल्या ताटाला हात न लावता थांबली. मैनाबाईनं ती अर्धी पुन्हा काढून ताटात घेतली. वरणाची पळी भरून ताटावर आणली आणि तशीच धरून राहिली. पळीतून थेंब थेंब वरण रिकाम्या ताटात पडत होतं.

"नर्सबाई," तिनं मान वर न करता विचारलं, "मले किती लागते व?"